पत्रा किती पावसाळे काढेल? जस्ताच्या मुलाम्याचा हिशेब

मे महिन्यात घरी गेलो होतो. आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. मागच्या पडवीवरचे पत्रे बदलायचे होते. बाबांनी दुकानातून दोन नमुने आणून अंगणात ठेवले आणि मला म्हणाले, "एवढी वर्षं गंजावर शिकतोयस ना? मग सांग, यातला कुठला घेऊ?"

मी धातूंच्या क्षरणावर पीएचडी करतोय. असा प्रश्न म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मला वाटलं. मी ऐटीत सांगितलं की अशा पत्र्यांची मिठाच्या धुक्यात चाचणी करतात, आणि कुठल्या प्रकारचा पत्रा तिथे किती तास टिकतो तेही सांगायला लागलो. बाबांनी मध्येच थांबवलं. "तास काय करायचेत? पावसाळे किती काढेल ते सांग."

मला उत्तर देता आलं नाही. का देता आलं नाही, आणि ते द्यायचं तर काय काय माहीत असावं लागतं, त्याबद्दल हा लेख. तुम्ही संशोधनाकडे वळायचा विचार करत असाल, तर पत्र्याशी तुमचा काही संबंध नसला तरी शेवटपर्यंत वाचा. माझी जी चूक झाली ती कुठल्याही विषयात होऊ शकते.

बादली आणि तेलाचा डबा

जस्त चढवलेलं लोखंड आपल्या आजूबाजूला इतकं आहे की ते दिसेनासंच झालंय. विहिरीवरची बादली, पन्हळी पत्रे, जीआय पाइप, कुंपणाची जाळी, काटेरी तार, महामार्गाच्या कडेचे कठडे, विजेच्या तारांचे मनोरे. जीआयमधला 'जी' म्हणजे गॅल्व्हनाइज्ड. शाळेच्या पुस्तकात याला जस्तविलेपन म्हटलेलं असतं.

पुस्तकात कारणही दिलेलं असतं: जस्ताच्या थरामुळे हवा आणि पाणी लोखंडापर्यंत पोहोचत नाही. हे खरं आहे, पण अर्धंच. नुसतं झाकायचंच असेल तर रंग काय वाईट?

घरातल्याच दोन वस्तू घेऊ. एक जस्ताची बादली, दुसरा तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. डबाही लोखंडाचाच, पण त्यावर कथिलाचा पातळ मुलामा असतो. दोन्हींवर खिळ्याने एकेक खोल चरा ओढा आणि पावसात ठेवा. डब्यावरचा चरा थोड्याच दिवसांत तांबूस होतो आणि पुढे तिथेच भोक पडतं. बादलीवरचा चरा मात्र बराच काळ तसाच राहतो. उघडं लोखंड दोन्हीकडे आहे, मग हा फरक का?

कारण ओल्या पृष्ठभागावर एकमेकांना चिकटलेले दोन धातू म्हणजे एक छोटा विद्युतघट. प्रमाण विद्युतविभव बघा: जस्त उणे ०.७६ व्होल्ट, लोखंड उणे ०.४४, कथिल उणे ०.१४. ज्याचा आकडा जास्त उणे, तो इलेक्ट्रॉन आधी सोडतो, म्हणजे तो झिजतो. जस्त आणि लोखंडाच्या जोडीत झिजायची पाळी जस्तावर येते. लोखंड कॅथोड बनतं आणि शाबूत राहतं. कथिल आणि लोखंडाच्या जोडीत उलटं होतं. लोखंडच अ‍ॅनोड बनतं. शिवाय चरा एवढासा आणि भोवतालचं कथिल भरपूर, त्यामुळे सगळा प्रवाह त्या चिमुकल्या उघड्या भागावर येऊन पडतो. म्हणजे चरा पडल्यावर कथिल लोखंडाला वाचवत तर नाहीच, वर त्याच्या गंजण्याला हातभार लावतं.

जस्ताच्या या संरक्षणालाही मर्यादा आहे. दोन धातूंना जोडणारी ओल सलग असेल तेवढ्यापुरतंच ते पोहोचतं. पत्र्यावरच्या पातळ ओलाव्यात हे अंतर काही मिलिमीटरच भरतं. पत्र्याची कापलेली कड किंवा बारीक ओरखडा त्यात बसतो. तळहाताएवढा मुलामा खरवडला गेला असेल तर मधला भाग गंजणारच.

आता यातून निघणारी महत्त्वाची गोष्ट. जस्त वाचवतं ते स्वतः खर्च होऊन. त्यामुळे "हा पत्रा गंजेल का?" हा प्रश्नच चुकीचा आहे. योग्य प्रश्न दोन: जस्त किती आहे, आणि ते वर्षाला किती खर्च होतंय? बँकेतली शिल्लक आणि दरमहाचा खर्च माहीत असला की पैसे किती दिवस पुरतील ते कळतं, तसंच हे.

शिल्लक किती?

आधी शिल्लक बघू. जस्त ४१९.५ अंश सेल्सिअसला वितळतं. कारखान्यात वितळलेल्या जस्ताचं कुंड साधारण ४५० अंशांवर ठेवतात. मनोरे, कठडे, खांब अशा तयार वस्तू आधी आम्लात धुऊन, मग झिंक अमोनियम क्लोराइडच्या द्रावणातून काढून कुंडात बुडवतात. तिथे नुसता लेप बसत नाही, तर लोखंड आणि जस्त यांची अभिक्रिया होऊन मिश्रधातूंचे थर तयार होतात. पोलादाला लागून गॅमा, मग डेल्टा, मग झीटा, आणि सगळ्यात वर जवळपास शुद्ध जस्ताचा ईटा. लोखंडाचं प्रमाण आतून बाहेर कमी होत जातं. हे थर पोलादाशी एकजीव झालेले असतात, म्हणून हा मुलामा रंगासारखा पापुद्र्याने सुटत नाही. जाड पोलादावर त्याची जाडी साधारण ८५ मायक्रॉन भरते.

छपराच्या पत्र्याची गोष्ट वेगळी. तिथे पत्र्याची लांबच लांब पट्टी सलगपणे कुंडातून जाते, आणि बाहेर येताना हवेच्या झोतांनी जादा जस्त पुसून काढतात. कुंडात मुद्दाम थोडं अ‍ॅल्युमिनियम घातलेलं असतं, सुमारे ०.२ टक्के. ते पोलादावर लोह आणि अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ पडदा तयार करतं आणि ठिसूळ मिश्रधातूंचे थर वाढू देत नाही. म्हणूनच पत्र्याला नंतर पन्हळी पाडल्या तरी मुलामा तडकत नाही. पण त्याची किंमत म्हणजे हा मुलामा पातळ असतो.

किती पातळ? पत्र्याच्या मुलाम्याचा दर्जा ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये सांगतात, आणि तो दोन्ही बाजू मिळून असतो. हे विसरलात तर उत्तर थेट दुप्पट येतं. मी एकदा विसरलोय. २७५ दर्जाचा पत्रा म्हणजे एका बाजूला १३७.५ ग्रॅम. जस्ताची घनता ७.१४ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. भागाकार केला की जाडी येते सुमारे १९ मायक्रॉन. १२० दर्जाच्या पत्र्यावर एका बाजूला जेमतेम ८.४ मायक्रॉन. दोन्ही पत्रे लांबून सारखेच चकचकीत दिसतात.

बाबांची पत्रा पारखायची पद्धत म्हणजे त्यावरची नक्षी बघणं. बर्फाच्या फुलांसारखी मोठी, ठळक नक्षी असली की पत्रा चांगला. खरं तर ती नक्षी म्हणजे गोठताना तयार झालेले जस्ताचे स्फटिक. कुंडात थोडं शिसं किंवा अँटिमनी असलं की ते मोठे होतात. शिसं टाळलं की नक्षी बारीक होते किंवा दिसतही नाही. मुलाम्याची जाडी नक्षीवरून कळत नाही.

खर्च किती?

उघड्या हवेत जस्ताचा स्वतःचा बचाव चालू असतो. सुरुवातीला त्यावर ऑक्साइड आणि हायड्रॉक्साइड बनतं. मग पाऊस आणि ऊन आलटून पालटून मिळालं की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन जस्ताच्या क्षारीय कार्बोनेटचा घट्ट करडा थर तयार होतो. नवा पत्रा काही महिन्यांत चमक सोडून निस्तेज होतो ना? ती त्याची बिघडण्याची नाही, सावरण्याची खूण आहे.

याला दोन गोष्टी लागतात: मोकळी हवा आणि मधूनमधून कोरडं होणं. त्या मिळाल्या नाहीत तर काय होतं, ते पावसाळ्यात पत्र्यांची थप्पी उघड्यावर ठेवलेल्यांना ठाऊक असतं. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरतं, हवा खेळत नाही, आणि पत्र्यावर पांढरी भुकटी धरते. याला पांढरा गंज म्हणतात. छपरावर चढायच्या आधीच शिल्लक कमी झालेली असते.

खर्चाचा दर हवेवर ठरतो. आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात हवेच्या क्षरणक्षमतेचे वर्ग केले आहेत आणि प्रत्येकात पहिल्या वर्षी जस्त किती झिजतं ते दिलंय. सी-२ वर्गात ०.१ ते ०.७ मायक्रॉन, सी-३ मध्ये ०.७ ते २.१, सी-४ मध्ये २.१ ते ४.२, सी-५ मध्ये ४.२ ते ८.४. त्याच्याही वर सीएक्स, म्हणजे अतिशय खारट आणि सतत दमट जागा. तिथे २५ मायक्रॉनपर्यंत.

आता १९ मायक्रॉनला भागा. कोरड्या गावात वर्षाला ०.५ मायक्रॉन झिजत असेल तर ३८ वर्षं. वर्षाला २ मायक्रॉन असेल तर साडेनऊ. समुद्राकाठी ६ मायक्रॉन असेल तर तीन वर्षं. पत्रा तोच, दुकान तेच. हे आकडे पहिल्या वर्षाच्या दराचे आहेत. पुढे करड्या थरामुळे दर कमी होऊ शकतो, म्हणून हा हिशेब ढोबळ समजा. पण "चांगला पत्रा किती वर्षं टिकतो?" याला गाव विचारल्याशिवाय उत्तर का देता येत नाही, ते एवढ्यावरून कळतं.

गाव एक असलं तरी छपराच्या दोन बाजू एक नसतात. समुद्राकाठी पत्रा बऱ्याचदा आधी खालून जातो. वरच्या बाजूवरचं मीठ पावसाने धुऊन निघतं. वळचणीखाली वाऱ्याबरोबर आलेलं मीठ साचत राहतं, हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि जस्त ओलंच राहतं. आमचे जुने पत्रे उतरवल्यावर मी उलटे करून पाहिले. वरून करडे होते. खालून, भिंतीजवळ, चाळणी झाली होती.

जिथे जस्त नको

जस्त आम्लातही विरघळतं आणि तीव्र अल्कलीतही. साधारण पीएच ६ ते १२.५ या पट्ट्यात त्याचं बरं चालतं. म्हणून जस्ताच्या भांड्यात ताक, चिंचेचं सार, लोणचं ठेवू नये. जस्त पदार्थात उतरतं, आणि ते जास्त पोटात गेलं तर मळमळ, उलट्या होतात. छपरावर कुजत पडलेला ओला पालापाचोळा हासुद्धा त्या जागेपुरता आम्लच.

गरम पाण्याचं प्रकरण आणखी मजेशीर. साधारण ६० अंशांच्या वर, काही प्रकारच्या पाण्यात, जस्तावर असा थर बनतो की त्याचं आणि लोखंडाचं नातं उलटतं. जस्त कॅथोड होतं आणि लोखंड झिजायला लागतं. वर दिलेले विभवाचे आकडे म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. ते ठरावीक परिस्थितीतले आहेत, परिस्थिती बदलली की क्रम बदलू शकतो.

आणि वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांसाठी: जीआय पाइप तसाच वेल्डिंगला घेऊ नका. जस्त ९०७ अंशांना उकळतं, वेल्डिंगचं तापमान त्याच्या कितीतरी वर. तो पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडीतापासारखा त्रास होतो. जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा, हवा खेळती ठेवा, आणि जोड झाल्यावर तिथे जस्तयुक्त रंग लावा.

माझी चूक

आता मिठाच्या धुक्याकडे येऊ. या चाचणीत बंद पेटीत ३५ अंशांना ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा सतत चालू असतो. १९३९ पासून तिचं प्रमाणित रूप वापरात आहे. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही नमुने पेटीत ठेवले, तांबडा गंज कधी दिसतो त्याचे तास मोजले, आणि सादरीकरणात त्या तासांना एका आकड्याने गुणून "म्हणजे समुद्राकाठी इतकी वर्षं" असं छातीठोकपणे लिहिलं. गाइड मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "या पेटीत नमुना वाळतो कधी?"

वाळतच नाही. आणि जस्ताचा सगळा बचाव वाळण्यावर उभा आहे. पेटीत करडा थर धरायला फुरसतच मिळत नाही. मी जस्ताचं आयुष्य वेगाने पुढे नेत नव्हतो. त्याला अशा जागी कोंडत होतो जिथे ते आपल्या खऱ्या पद्धतीने जगूच शकत नाही. म्हणून तिथले तास आणि बाहेरची वर्षं यांच्यात ठरलेलं गुणोत्तर नाही. एकाच प्रकारच्या मालाच्या दोन खेपा तपासायला, एखादी खेप बिघडलीय का ते पकडायला ही चाचणी उपयोगी आहे. आयुष्य सांगायला नाही.

वाईट याचं वाटतं की मॅडमनी हे सांगून दोन वर्षं झाली होती, आणि तरी अंगणात बाबांसमोर माझ्या तोंडून आधी तासच निघाले. आपण जे मोजू शकतो तेच उत्तर म्हणून पुढे करायची सवय लागते.

या बाबतीत मी एकटा नाही, एवढाच दिलासा. १८२४ मध्ये सर हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश आरमारासाठी असाच प्रश्न हाती घेतला होता. लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकत, आणि तो समुद्रात झिजे. डेव्हींनी तांब्याला जस्ताचे आणि ओतीव लोखंडाचे तुकडे जोडले. झिजायचं काम त्या तुकड्यांनी केलं, तांबं वाचलं. पण तांबं झिजेनासं झालं आणि जहाजांच्या तळाला शिंपले, शेवाळ धरू लागलं. तांब्याची थोडीथोडी झीज हीच तर त्या जिवांना दूर ठेवत होती. जहाजं मंदावली आणि योजना सोडून द्यावी लागली. डेव्हींचं विद्युतरसायन अचूक होतं, आजही जहाजांना आणि जमिनीखालच्या नळांना त्याच तत्त्वाने वाचवतात. पण त्यांनी मोजलं होतं तांबं, आणि आरमाराला हवं होतं वेगवान जहाज.

म्हणून तुम्ही प्रयोग आखाल तेव्हा दोन ओळी वहीत आधी लिहा. मी काय मोजणार आहे? आणि ज्याला उत्तर हवंय त्याला काय हवंय? प्रयोग वेगाने करणार असाल तर तिसरी ओळ: वेग वाढवताना मी तीच प्रक्रिया वाढवतोय की दुसरीच सुरू करतोय?

घरी करून बघा

चार काचेचे ग्लास, मिठाचं पाणी, चार साधे काळे खिळे. पहिला खिळा तसाच ठेवा. दुसऱ्याला जीआय तारेचे घट्ट वेढे द्या. तिसऱ्याला खरवडून स्वच्छ केलेल्या तांब्याच्या तारेचे. चौथ्यालाही जीआय तार, पण खिळा आणि तार यांच्यामध्ये कागद किंवा प्लॅस्टिकची चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे दोन धातू कुठेच टेकणार नाहीत. आठवडाभर रोज फोटो काढा. चौथा ग्लास वगळू नका, प्रयोगाचा जीव तिथेच आहे. जस्त नुसतं शेजारी असून भागतं, की धातूला धातू टेकावाच लागतो, ते तिथेच कळतं. आणि फोटो काढण्याआधी काय होईल ते लिहून ठेवा. नंतर सगळ्यांनाच "मला वाटलंच होतं" असं वाटतं.

पडवीचं काय झालं?

बाबांना मी शेवटी एवढंच सांगितलं: नक्षी बघू नका, मुलाम्याचा दर्जा विचारा, आणि बिलावर लिहून घ्या. आपल्या हवेत नुसतं जस्त पुरायचं नाही, वरून कारखान्यातच रंग चढवलेला पत्रा घ्या. रंग टिकेपर्यंत जस्ताचा खर्च जवळजवळ थांबतो, आणि रंगाला चरा पडला तर खाली जस्त आहेच. उरलेले पत्रे थप्पी न लावता पडवीत उभे करून ठेवा. आणि पावसाळा संपला की वळचणीखालून पाण्याचा पाइप मारा, मीठ धुऊन निघेल.

"खालून धुवायचा पत्रा?" बाबा हसले. पण दिवाळीत फोन केला तेव्हा आईने सांगितलं की धुतला.

पावसाळ्यांचं उत्तर मात्र अजून बाकी आहे. निघण्याआधी मी शुद्ध जस्ताच्या चार पट्ट्या वजन करून तिथे टांगल्या, प्रत्येकी १० सेंटिमीटर बाय १५ सेंटिमीटर. दोन छपरावर उघड्यात, दोन वळचणीखाली. एवढ्या पट्टीच्या दोन्ही बाजूंनी १ मायक्रॉन जस्त गेलं तर वजन सुमारे ०.२१ ग्रॅमने कमी होतं, म्हणजे प्रयोगशाळेतल्या तराजूला सहज कळेल इतकं. वर्ष झालं की त्या उतरवायच्या, वरची पुटं रसायनाने काढायची आणि पुन्हा वजन करायचं. मग आमच्या पडवीचा वर्ग सी-३ की सी-५, ते कळेल. येत्या मे महिन्यात आकडे हातात आले की ते इथेच मांडेन, अंदाज चुकला असला तरी. माझा अंदाज लिहूनच ठेवतो: वरच्या पट्ट्या वर्षाला ३ मायक्रॉन, खालच्या ५.